ई-सेवा केंद्रातल्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार. तुम्ही माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहानच असाल, पण पहिल्या दिवशी तोंडातून 'दादा' निघालं, ते तसंच राहिलं. समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "अहो ताई, काय त्यात" म्हणून विषय बदलता. म्हणून हे लिहून काढलं. चार लोकांनी वाचावं अशीही इच्छा आहे.

२०२४ च्या सुरुवातीला मी बी.एड. सीईटीचा, म्हणजे बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायला सांगोल्यात आले, तेव्हा बी.एस्सी. होऊन तेरा वर्षं झाली होती. तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी माझी पिशवी न उघडताच मला परत पाठवलं होतं. "नावं जुळत नाहीत, गॅप मोठा आहे, कशाला पैसे घालवता?" तुमच्या दारात आले ती शेवटचं म्हणून. तुम्हीही नाही म्हणाला असतात, तर साडेतीनच्या एसटीनं घरी गेले असते आणि कागद पुन्हा ट्रंकेत गेले असते.

तुम्ही आधी सगळे कागद टेबलावर पसरले. दहावीपासून पदवीपर्यंत माहेरचं नाव, आधारवर सासरचं. "दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच नाव लिहायचं, विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा." आमच्या लग्नाची नोंदच नव्हती. मग तुम्हीच सांगितलंत की ती ग्रामसेवकाकडे होते. जातीचा दाखला माहेरच्याच नावाचा चालतो, नॉन-क्रिमिलेअरला आई-वडिलांचं उत्पन्न बघतात, नवऱ्याचं नाही, हेही तिथंच कळलं. मी उगाच सासऱ्यांचा सात-बारा घेऊन हिंडत होते. गॅपचं प्रतिज्ञापत्र तर तुम्ही मला तीन वेळा वाचायला लावलंत. सही आपली आहे, तर खाली काय लिहिलंय ते आपल्याला ठाऊक पाहिजे, हे तुमचं म्हणणं.

फॉर्म तुम्ही दहा मिनिटांत भरून टाकला असता. बाहेर रांग होती. तरीही माउस माझ्या हातात दिलात. घामानं बोट घसरत होतं, पण शेवटचं 'सबमिट' मी दाबलं.

पावतीच्या मागं पेननं लिहून दिलेला तो हिशोब अजून माझ्या पाकिटात आहे: १०० प्रश्न, ९० मिनिटं, बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, अध्यापन अभियोग्यता ३०, चुकीला गुण कापत नाहीत. खाली दोन रेघा मारून लिहिलंय, 'एकही प्रश्न सोडायचा नाही.' अंकमालिका मला येत नव्हत्या. आधी पाहायचं, दोन अंकांत फरक किती, मग त्या फरकांत फरक किती. गर्दी ओसरल्यावर असं समजावलेलं मी रात्री भांडी घासताना मनात घोळवायचे. त्या वेळी मला तुमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. फक्त वाटायचं, हा माणूस शिकवतो किती छान.

निकाल लागल्यावर मी निवांत बसले होते. सीईटी झाली म्हणजे प्रवेश आपोआप होणार, असंच मला वाटत होतं. कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते, कागद पुन्हा चढवावे लागतात, हे सांगायला तुमचा फोन आला. तो आला नसता तर माझं वर्ष गेलं असतं. माझ्यासारख्या किती जणी तिथंच गळत असतील! कॉलेजांची पसंती भरतानाही तुम्ही एसटीच्या वेळा मांडून बसलात, कारण वर्गाला ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते, आणि माझी लेक तेव्हा दुसरीत होती.

त्याच दिवशी मी सहज विचारलं, एवढं सगळं तुम्हाला कसं माहीत? तेव्हा कळलं की तुम्ही स्वतः बी.एड. आहात. शिक्षक भरतीसाठीची २०१७ ची अभियोग्यता चाचणी दिलेली. पुढची व्हायला २०२३ उजाडलं, तीही दिलेली. पवित्र पोर्टलवरच्या शिक्षक भरतीच्या याद्या किती वेळा उघडल्या असतील, ते तुमचं तुम्हालाच ठाऊक.

दादा, त्या दिवशी एसटीत मला रडू आलं. इतकी वर्षं वाट पाहून माणूस कडवट होतो. "शिक्षक होऊन काय मिळतं" एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असतात, तर मी ते खरं मानलं असतं. तुम्ही भरतीचं काहीही लपवलं नाहीत, विनाअनुदानित शाळेतला पगारही सांगितलात. पण तुमच्या वाट्याची निराशा माझ्या अर्जाला लागू दिली नाहीत. माझ्या आयुष्यात एवढं मोठं मन मी क्वचित पाहिलं.

आता दुसरं वर्ष आहे. इंटर्नशिपच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. परवा एका मुलीला कागदावर समीकरण मांडून दाखवलं आणि पेन तिच्या हातात दिलं, तेव्हा तुमचं टेबल आठवलं.

पुढच्या टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, फॉर्म मी स्वतः भरणार आहे, तुमच्याच दुकानात बसून. तुम्ही फक्त शेवटी एकदा नजर टाका. आणि तोवर तुमची नेमणूक होऊन त्या खुर्चीत दुसरंच कुणी बसलेलं असेल, तर मी पेढे घेऊन तुमच्या शाळेत येईन.

तुमची,
सांगोल्याच्या एसटीनं येणारी ताई