लेझरचं नाव नको, खड्याची माहिती द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझे धाकटे दीर डोंबिवलीहून आले आणि एका खासगी रुग्णालयाने दिलेला खर्चाचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. डाव्या मूत्रवाहिनीत (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीत), अगदी खाली, ७ मिलिमीटरचा खडा. तीन आठवडे गोळ्या घेऊन वाट पाहिली, खडा जागचा हलला नाही आणि मूत्रपिंडाला सूज येऊ लागली. तेव्हा दुर्बिणीतून काढायचा, हे बरोबरच होतं. पण कागदाच्या तळाशी वेगळी ओळ होती : ‘थुलियम फायबर लेझर, अतिरिक्त रु. ३५,०००’. दिरांनी विचारलं, “वहिनी, साध्या लेझरने केलं तर राहून जाईल का हो?” काउंटरवर त्यांना एवढंच सांगितलं होतं, की हा नवा आहे, जुन्याने खडा राहतो.

त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात २९ वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची १६ वर्षं मूत्ररोग विभागाच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये. लेझरचा किरण खड्यापर्यंत नेणारं काचेच्या तारेसारखं फायबर कापून देणं, सलाईनच्या पिशव्या बदलणं, सर्जन थांबा म्हणाले की लेझर स्टँडबायवर टाकणं, हे माझं काम. दोन्ही यंत्रं मी जवळून पाहिली आहेत.

दिरांना ज्याला ‘साधा’ म्हणून सांगितलं तो होल्मियम लेझर. १९९०च्या दशकापासून तो मूतखड्यासाठी वापरात आहे आणि कुठल्याही जातीचा खडा त्याने फुटतो. थुलियम फायबर लेझर हा प्रत्यक्ष वापरात गेल्या पाच-सहा वर्षांतलाच. दोघांचंही काम पाण्यावर चालतं. फायबरच्या टोकातून निघालेली ऊर्जा खड्यातलं आणि त्याच्या भोवतीचं पाणी शोषून घेतं, क्षणात वाफ होते आणि खडा फुटतो. होल्मियमची तरंगलांबी २१०० नॅनोमीटरच्या आसपास, थुलियमची १९४०. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण पाणी थुलियमची ऊर्जा जवळजवळ चौपट शोषतं. त्यामुळे लहान लहान ठोक्यांत त्याचं काम होतं.

होल्मियमचा ठोका जोरकस असतो. पेडल दाबलं की टक्-टक् आवाज ओटीभर ऐकू यायचा. त्याची अडचण एकच, आमच्या भाषेत ‘खडा पळतो’. मूत्रवाहिनीत फोडत असताना ठोक्याने तो वर मूत्रपिंडात गेला, की सर्जन लवचीक स्कोप, म्हणजे वळणारी दुर्बीण, मागायचे आणि अर्ध्या तासाचं काम दीड तासावर जायचं. पुढच्या रुग्णाला सकाळपासून उपाशी ठेवलेलं असायचं, त्याचे नातेवाईक दारावर. थुलियमने खडा कमी पळतो आणि त्याची भुकटी खूपच बारीक होते. शिवाय त्याचं फायबर १५० मायक्रॉन, म्हणजे ०.१५ मिलिमीटर, इतकं बारीक मिळतं. लवचीक स्कोपमधली वाट जेमतेम सव्वा मिलिमीटरची, त्यातूनच सलाईनही जायचं. फायबर बारीक असलं की पाणी मोकळं वाहतं, समोरचं स्वच्छ दिसतं आणि मूत्रपिंडाच्या खालच्या कोपऱ्यात वळतानाही स्कोप अडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत कधी येत नाही आणि आमच्यासारख्या जुन्या इमारतींच्या रुग्णालयांना सगळ्यात महत्त्वाची आहे. जास्त ताकदीचं, १००-१२० वॉटचं होल्मियम यंत्र कपाटाएवढं असतं. त्याला वेगळा दणकट विजेचा पॉइंट लागतो, आतून पाण्याने गार ठेवावं लागतं. आमचं यंत्र ज्या ओटीत बसवलं तिथून कधी हललं नाही. मग एका कंपनीने आठवडाभर दाखवायला थुलियम यंत्र आणलं, तर दोन वॉर्डबॉयनी ते सहज ढकलत नेलं आणि भिंतीवरच्या साध्या प्लगला लावून चालू झालं. पालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांनी नवी खरेदी करताना याचा जरूर विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. नव्या यंत्राला माझा विरोध नाही.

मग त्या ३५ हजारांना का विरोध? कारण ‘जुन्याने खडा राहतो’ हे सरसकट खरं नाही.

निवृत्तीनंतर मी आमच्या विभागात शिकून गेलेल्या एका डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्यांनी बसून समजावलं. नॉर्वेत १२० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून दोन्ही लेझरची तुलना झाली, ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा थुलियमच्या गटात ९२ टक्के रुग्ण खडामुक्त होते, होल्मियमच्या गटात ६७ टक्के. एवढाच आकडा ऐकला तर कोणीही थुलियमच मागेल. पण त्याच अभ्यासात हिशेब पुढे फोडून दिला आहे. मूत्रपिंडातल्या खड्यांमध्ये फरक मोठा, ८६ विरुद्ध ४९ टक्के. मूत्रवाहिनीतल्या खड्यांमध्ये मात्र दोन्हीकडे १०० टक्के. माझ्या दिरांचा खडा मूत्रवाहिनीतला! ज्या जागी दोन्ही लेझर सारखेच उतरले, त्याच जागेसाठी त्यांच्याकडून जादा पैसे मागितले जात होते.

शिवाय तिथलं होल्मियम यंत्र कमी ताकदीचं होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेत १२० वॉटच्या, ठोक्याचा आकार बदलून खडा कमी पळवणाऱ्या सुधारित होल्मियमशी थुलियमची तुलना झाली, तेव्हा दोघांत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. म्हणजे कोणता होल्मियम, किती वॉटचा आणि खडा कुठे, हे कळल्याशिवाय ‘नवा’ आणि ‘जुना’ या शब्दांना काही अर्थ राहत नाही. खडा दोन सेंटीमीटरच्या वर असेल तर बहुतेक वेळा पाठीतून छिद्र पाडूनच काढावा लागतो. आणि युरिक ॲसिडचा असेल, तर लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने तो कित्येकदा विरघळतो, लेझरची गरजच पडत नाही.

उष्णतेबद्दल तर कोणी चकार शब्द काढत नाही. लेझर कुठलाही असो, वॉट वाढवून सतत चालवला की मूत्रपिंडातलं पाणी तापतं. ४३ अंशांच्या वर ते बराच वेळ राहिलं तर आतल्या पेशींना इजा होते. म्हणून सलाईन वाहतं ठेवायचं, मध्येमध्ये पेडलवरून पाय काढायचा. पिशवी संपत आली की मी ओरडून सांगायचे आणि आमचे सर त्याच क्षणी थांबायचे. ही शिस्त ओटीतल्या माणसांची, ती कुठल्याही यंत्रासोबत विकत मिळत नाही.

पण मला झोप लागू न देणारी आठवण लेझरची नाही, स्टेंटची आहे. खडा फोडल्यावर अनेकदा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ती काढायचीच असते. लालबागला वॉचमनची नोकरी करणारे एक गृहस्थ, मूळचे सावंतवाडीकडचे, खडा काढून घेऊन गावी गेले. दुखणं थांबलं होतं, नळी आत आहे हे घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. दोन वर्षांनी ताप आणि थंडी घेऊन आले. एक्स-रेत नळीच्या दोन्ही टोकांना खडे धरलेले, वरचा लिंबाएवढा. तीन वेळा ओटीत घ्यावं लागलं. त्यांची बायको मला म्हणाली, “सिस्टर, कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं वो, आमका काय कळतला?” तो डिस्चार्जचा कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. त्यानंतर मी स्वतःची वही केली. नाव, फोन, स्टेंट काढायची तारीख. तारीख टळली की दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोन करायचे. निवृत्त होताना ती वही पुढच्या सिस्टरच्या हातात दिली.

दिरांना मी दुसऱ्या सर्जनकडे नेलं. त्यांच्याकडे ३० वॉटचं होल्मियम होतं. खडा फुटला, तुकडे बास्केटने (तारेच्या बारीक जाळीने) काढले, दहाव्या दिवशी स्टेंट निघाला. ते आता कामावर जातात. लघवी दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी, म्हणून डोंबिवलीच्या गाडीतही पाण्याची बाटली ठेवतात. (त्यांची मुलगी त्याच गाडीने येते आणि संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, कारण स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही. या पोरींच्या मूतखड्यांवर कोणीतरी वेगळं पत्र लिहायला हवं.)

आपल्या दैनिकामार्फत रुग्णालयांना माझी विनंती आहे. खर्चाच्या कागदावर लेझरचं नाव लिहिता, तसं खडा किती मिलिमीटरचा, कुठे आणि सीटी स्कॅनमध्ये किती कठीण दिसतो तेही लिहा. जादा पैसे घेत असाल तर याच रुग्णाला त्याचा काय फायदा, ते सर्जननी स्वतः सांगावं, काउंटरवरच्या मुलीने नव्हे. खडा पूर्ण गेला हे सोनोग्राफीने बघणार की सीटीने, ते आधी ठरवा, कारण बारीक तुकडे सोनोग्राफीत सुटू शकतात. आणि स्टेंट ठेवला असेल तर डिस्चार्जच्या कागदावर, सगळ्यात वर, ठळक मराठीत : ‘तुमच्या पोटात नळी आहे. ती अमुक तारखेला काढायची आहे.’

आपली नम्र,
एक निवृत्त ओटी सिस्टर, परळ, मुंबई