डिग्री 'अप्लाइड' असो की नसो, पोट्ट्यांचे हात मशीनला लागू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या नागपुरात ज्या घरात बारावी नाहीतर डिप्लोमा झालेलं पोरगं आहे तिथे एकच विषय, कॅप राऊंडला (इंजिनिअरिंगच्या प्रवेश फेरीला) कोणतं कॉलेज टाकायचं आणि कॉम्प्युटर ब्रँच मिळेल का. कोणी चुकून इलेक्ट्रिकल नाहीतर मेकॅनिकल म्हटलं की मामा-काका लगेच विचारतात, "काऊन रे, मार्क कमी पडले का?" मी स्वतः इलेक्ट्रिकल डिप्लोमावाली. हिंगणा एमआयडीसीत पॅनलच्या वर्कशॉपमध्ये टेस्टिंग बघते, म्हणून डिग्री 'अप्लाइड', म्हणजे हाताने काम करत शिकवणारी, असावी की नेहमीची, यावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते.

आमच्याकडे बी.ई.ची पोरं ट्रेनी म्हणून येतात. हुशार असतात, त्यात वादच नाही. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणारा पॅनल) सुरुवातीचा करंट एक तृतीयांश होतो हे झोपेतून उठवून विचारा, बरोबर सांगतील. पण उघडा पॅनल समोर ठेवून म्हटलं की बाबा, या तीन कॉन्टॅक्टरपैकी (कॉइलने ओढले जाणारे स्विच) मेन कोणता, टायमर कशाला लावला, आणि स्टार नि डेल्टा एकाच वेळी ओढले गेले तर काय होईल, की एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. होतं काय तर सरळ फेज टू फेज शॉर्ट! म्हणून तर स्टारचा एनसी कॉन्टॅक्ट (एरवी बंद, कॉइल ओढली की सर्किट तोडणारा) डेल्टाच्या कॉइलमध्ये आणि डेल्टाचा स्टारच्या कॉइलमध्ये घालतात, इंटरलॉक म्हणतात त्याला, आणि ते एकदा स्वतःच्या हाताने वायरिंग करताना राहून गेलं, पॉवर द्यायच्या आधी कंट्रोल टेस्टिंगमध्ये पकडलं गेलं आणि फोरमनच्या चार शिव्या खाल्ल्या की पोरगं जन्मात विसरत नाही. लगचंही, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवतात त्या धातूच्या टोपीचंही, तसंच. नीट पंच झाली नाही तर दिसायला झकास दिसते पण लोडवर तापते, मग स्लीव्ह काळी पडते. ते वायर ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही, फाईलमध्ये तर नाहीच नाही.

कॉलेजात लॅब नाहीत असं नाही हो. पण एका पॅनलभोवती अख्खी बॅच, एकजण रीडिंग घेतो, बाकीचे मोबाईलवर फोटो काढतात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सिनियरची फाईल समोर ठेवून सगळ्यांचं प्रॅक्टिकल पूर्ण! डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेल्यांचं तर मला जास्त वाईट वाटतं, बिचारे हाताला थोडी सवय लागलेली घेऊन जातात आणि एम-थ्रीच्या (गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या) बॅकलॉगमध्ये ती घालवून बसतात.

एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमात क्रेडिट २२० वरून १६० वर आणले आणि इंटर्नशिप सक्तीची केली, चांगलंच केलं. पण इकडे गेटवर काय येतं? "मॅडम, फक्त सर्टिफिकेटवर शिक्का पाहिजे, यायची गरज नाही असं सरच म्हणाले." कॉलेजचं नाव घेत नाही, एकच असतं तर घेतलं असतं.

मग बी.व्होक., म्हणजे व्यवसाय शिक्षणाची डिग्री, घ्या असं म्हणतात. यूजीसीने २०१४ मध्ये आणलं, ६० टक्के स्किल आणि ४० टक्के जनरल, वर्षाने बाहेर पडलं तर डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री. कागदावर मला तरी ही रचना आवडते. पण ज्युनियर इंजिनिअरच्या जाहिरातीत नुसतं 'डिप्लोमा किंवा बी.ई.' लिहिलेलं दिसलं की आईबाप म्हणणारच, कशाला रिस्क घ्यायची. त्यांना नावं ठेवण्यात काय अर्थ आहे? जाहिरात काढणाऱ्यांनी बी.व्होक. चालतं का नाही ते एका ओळीत लिहावं ना.

आणि हे सगळं नवीन आहे अशातलाही भाग नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठाने १९०६ मध्येच आलटून पालटून वर्ग आणि कारखाना सुरू केलं होतं. आपल्या पुणे विद्यापीठाची प्रॉडक्शन इंजिनिअरिंगची सँडविच ब्रँच कित्येकांना माहीत असेल, शिकता शिकताच कंपनीत सहा महिने. नागपूरला तर हिंगणा आहे, बुटीबोरी आहे, मिहान आहे, कोराडी-खापरखेड्याचे पॉवर प्लांट आहेत, सगळं बसने जाता येईल इतक्यात, अजून काय पाहिजे राजेहो?

कारखानदारांचीही बाजू आहे, ती लपवत नाही. पोराला शॉक लागला तर जबाबदार कोण, ही भीती खरी आहे, आणि डिस्पॅचच्या घाईत शिकवायला वेळ कोणाकडे असतो. पण ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे, स्टायपेंडचा काही भाग सरकारही देतं. तिथे मालक लोकांनी हात वर करू नयेत.

माझं म्हणणं एवढंच की एक अख्खं सेमिस्टर कारखान्यात ठेवा, आणि त्याचे निम्मे मार्क तिथल्या फोरमनच्या हातात द्या. तो बी.ई. नसेल, आयटीआय असेल, तरी द्या. आणि कॉलेजवाल्यांनी इंटर्नशिपची पत्रं एप्रिलमध्ये शंभराच्या गठ्ठ्याने पाठवण्यापेक्षा जानेवारीतच एक फोन करावा, किती पोरं घेता येतील ते आम्ही खरं खरं सांगू. येताना सेफ्टी शूज घालून या म्हणावं, चपलेवर शॉपमध्ये सोडत नाही.

आपली,
एक डिप्लोमावाली वाचक
हिंगणा रोड, नागपूर