रविवारी आपण तिघं गोष्ट रचूया

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बुधवारी पहाटे उठून कसला क्लास करतेस, असं आईने विचारलं होतं. फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहिते. इम्प्रोव्ह कॉमेडी, म्हणजे आयत्या वेळी रचायचं विनोदी नाटक. क्लास ऑनलाइन आणि अगदी नवशिक्यांचा. शिकवणारी शिकागोत असते. तिथे मंगळवार संध्याकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा माझ्याकडे पुण्यात बुधवार सकाळचे सहा.

बाबा, तुम्हाला यात नवं काही वाटायचं नाही. आपल्या जत्रेतल्या दशावतारात संवाद लिहिलेले कुठे असतात? आख्यान आणि भूमिका ठरल्या की पुढचं बोलणं नटाचं नटाने बघायचं. राजा काय बोलेल ते राक्षसाला ठाऊक नसतं, म्हणून तो कान देऊन ऐकतो आणि त्यावरच उत्तर रचतो. इथे हेच शिकवतात. या पद्धतीचे बरेचसे खेळ व्हायोला स्पोलिन या बाईंनी रचले. शिकागोत 1930च्या दशकात त्या परदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना नाटक शिकवत. भाषा वेगवेगळ्या, म्हणून खेळांतून शिकवणं. पुढे त्यांच्या मुलाने सोबत्यांबरोबर 1959 साली तिथे ‘सेकंड सिटी’ हे थिएटर काढलं.

पहिला नियम, समोरच्याचं म्हणणं मान्य करून त्यात आपली भर घालायची. तो म्हणाला, “डॉक्टर, म्हशीला ताप आलाय,” की मी डॉक्टर झालेच. “मी डॉक्टर नाही” म्हटलं तर प्रवेश तिथेच संपला. “तरी तिला सांगितलं होतं, पावसात भिजू नकोस” म्हटलं की पुढे सरकला. मुद्दाम विनोद करू नका, असं आमच्या क्लासच्या बाई सारखं बजावतात. नीट ऐकलं की हसू येतंच. मला हे पूर्ण पटलंय.

ऑनलाइनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे एका सुरात काही म्हणता येत नाही. प्रत्येकाच्या पडद्यावर चेहऱ्यांचा क्रमही वेगळा, म्हणून पाळी नाव घेऊन द्यायची. कॅमेरा बंद केला की तुम्ही विंगेत, चालू केला की रंगमंचावर.

आता खरं कारण लिहिते. बाबा, कानाला कमी येऊ लागल्यापासून तुम्ही “घे, आईशी बोल” म्हणून फोन देऊन टाकता. मग मी आणि आई गोळ्या, बीपी, लाइट गेली का, एवढंच बोलतो. मला तुमचा आवाज हवाय. क्लासमध्ये एक खेळ आहे: प्रत्येकाने पाळीपाळीने एकच शब्द बोलायचा आणि त्यातून गोष्ट उभी करायची. आई म्हणेल “खाडीत”, मी म्हणेन “काल”, तुम्ही म्हणाल “मगर”, पुढे काय ते तिघांपैकी कुणालाच माहीत नाही. एका वेळी एकच शब्द, तोही समोर ओठ बघून, म्हणजे तुम्हाला सोपं जाईल. वाट्याला कधी नुसतं “आणि” येतं, तेही मनापासून म्हणायचं. त्यावाचून गोष्ट अडते.

रविवारी दिवेलागणीनंतर मी व्हिडिओ कॉल करते. फोन तांब्याला टेकवून ठेवा, उजेड तुमच्या तोंडावर येईल असे बसा आणि पंखा बंद करा, त्याचा आवाज फार येतो. सुरुवात आईने करायची. बाबा, राक्षस आणायचा झाला तर तो तुम्हीच आणा.

तुमची,
शुभा