बाबांच्या सर्जन मॅडमना मनापासून थँक्यू

डॉक्टर मॅडम,

डिस्चार्जच्या गडबडीत तुमच्याशी नीट बोलताच आलं नाही म्हणून इथे लिहितेय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण बाबांसारखे गप्प बसणारे खूप असतात.

बाबांना सारखं लघवीचं इन्फेक्शन व्हायचं, गोळ्या घेतल्या की बरं, संपल्या की परत तेच. तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलंत, "काका, लघवीतून हवा जाते का हो?" बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि ते ओळखून तुम्ही मला बाहेर बसायला सांगितलंत. हवा जात होती, कित्येक महिने, लाजेपोटी आईलासुद्धा बोलले नव्हते. तो प्रश्न विचारलात म्हणून पुढचं सगळं झालं मॅडम.

सीटी स्कॅन बघून तुम्ही कागदावर चित्र काढलंत. मोठ्या आतड्याच्या भिंतीत जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात तिथे ती कमजोर असते, तिथून आतलं अस्तर छोट्या फुग्यासारखं बाहेर येतं, तसाच एक फुगा सुजून मूत्राशयाला चिकटला आणि मधे वाट पडली, फिस्टुला, त्यातूनच ती हवा लघवीत येत होती. ती नुसत्या गोळ्यांनी सहसा बुजत नाही. कॅन्सर नाही ना हे बघायला आधी कोलोनोस्कोपीही (मोठ्या आतड्याची आतून दुर्बिणीने तपासणी) करून घेतलीत.

ऑपरेशन रोबोटने करायचं म्हटल्यावर आई फार घाबरली, मशीन चुकलं तर? तुम्ही शांतपणे सांगितलंत की तो स्वतःहून काही करत नाही, कॉन्सोलवर, म्हणजे त्याच्या कंट्रोलवर बसून त्याचे हात मीच चालवणार, फक्त आतलं थ्रीडी दिसतं आणि अवजारं मनगटासारखी वळतात, त्यामुळे ओटीपोटातल्या अडचणीच्या जागेत चिकटलेलं सोडवायला सोपं जातं. साध्या दुर्बिणीनेही हे ऑपरेशन चांगलं होतं हे सांगितलंत, आणि वेळ पडली तर पोट उघडावं लागेल, काही काळ शौचासाठी पोटावर पिशवी लागू शकेल, हेही लपवलं नाहीत. त्या खरेपणामुळेच आई तयार झाली.

ऑपरेशननंतर तुम्ही दमलेल्या असूनही उभ्याउभ्या सगळं सांगितलंत, खराब भाग काढून आतडं खाली रेक्टमला (गुदाशयाला) जोडलं, हिरव्या चमकणाऱ्या डायने रक्तपुरवठा तपासला, हवा भरून जोड गळत नाही ना तेही बघितलं. पिशवी लागली नाही हे ऐकून आई तिथेच रडली.

दुसऱ्या दिवशी बाबांना धरून चालवणाऱ्या सिस्टर्सनाही आमचा नमस्कार सांगा. बाबांची लघवीची नळी निघालीये, जेवण व्यवस्थित आहे, आणि पुढच्या फॉलोअपला आई पण येणार म्हणतेय, तिला तुम्हाला भेटायचंच आहे.