बैलाचे खांदे चोळतो, पोराले काऊन विसरतो?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागं तुमच्या पेपरात बारावीच्या एका पोराची बातमी आली होती, हेडिंग होतं की मार्क कमी पडले म्हणून जीव दिला. साहेब, असं एका ओळीत कारण लिहत जाऊ नका, मार्क वरवर दिसते, खाली काय काय साचलेलं असते ते घरच्यायलेही माहीत नसते. मले तरी कुठं माहीत होतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. सात एकर, त्यातलं दोन ओलिताचं, पऱ्हाटी अन् तूर. पोरगा दहावीत चांगला निघाला म्हणून अमरावतीले नीटच्या क्लासले टाकलं, होस्टेल, मेस, टेस्ट सिरीज, पैसा पुरेचना तं बैलजोडी विकली. विकली ते विकली, पण मंग दर फोनवर तेच ऐकवे, तुह्यासाठी जोडी विकली, तुही माय लोकायच्या वावरात कापूस वेचाले जाते, जाण ठेव. आमच्या इकडं सगळेच बाप असं बोलतात, पोराले जबाबदारी समजते म्हणून.

मागच्या दिवाळीत घरी आला तं गप्प गप्प. अर्ध्या ताटावरून उठे, मोबाईलही पाहत नव्हता (हे तं मले चांगलं लक्षण वाटलं, सांगा आता). जायच्या आदल्या रात्री रिकाम्या कोठ्यापाशी उभा होता, म्हटलं काय पाहून राह्यला रे, तं म्हणे, "मी नसतो तं जोडी राह्यली असती ना बाबा."

रात्रभर डोळ्याले डोळा नाही. सकाळी आमच्या आशाताईनं कधीतरी पाठवलेला टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या हेल्पलाइनचा नंबर शोधला, १४४१६. सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मले वाटलं नुसती टेप वाजत राहीन, पण खरंच एक मॅडम बोलल्या. त्या म्हणे, त्याला सरळ विचारा, मरायचे विचार येतात का. म्हटलं मॅडम, असं विचारलं तं नसलेलंही डोक्यात घुसन. त्या म्हणे, विचारल्यानं विचार येत नाही काका, उलट बोलायला वाट मिळते. मंग विचारलं, फवारणीचं औषध कुठं ठेवता. पलंगाखाली, साहेब! अर्ध्या गावाचं तिथंच असते. त्याच दिवशी सगळं भावाकडं नेलं, कुलपात, चाबीही त्याच्याचकडं. श्रीलंकेनं १९९५ पासून जहाल औषधांवर बंदी आणली तं पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्या निम्म्यावर आल्या. म्हणजे ती एक घडी टळली तं माणूस वाचू शकते.

पोराले विचारलं. "हो" म्हणे. एवढंच. मंग तो रडला, मंग मी, मंग चहा घेऊन आलेली त्याची माय. सरकारी दवाखान्यात दाखवलं, गोळ्या अन् समुपदेशन दोन्ही चालू आहे, क्लास सोडला, बी.एस्सी.ले अ‍ॅडमिशन घेतली.

आता पोळ्याचं सांगतो. आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याले तूप-हळद चोळतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणतो, वर्षभर राबला म्हणून पाया पडतो. बैलाले कोणी म्हणते का, तुले ढेप चारली, जाण ठेव? अन् हा पोरगा नववीपासून रात्रीच्या लाईटवर मोटर चालू कराले वावरात जाये, माह्या मायच्या डोळ्यात रोज थेंब टाके. शाब्बास सोडा, त्याले बरं केलं रे एवढंही आमच्या तोंडून कधी निघालं नाही.

शाळेतही तेच. मातृ-पितृ पूजन ठेवतात, पोरायकडून आईबापाचे पाय धुवून घेतात, वक्ता माईकवर असं काही बोलते की सारं मैदान रडते अन् त्याले वाटते कार्यक्रम जमला. ज्या लेकराले आधीच वाटून राह्यलं की मी घरावर ओझं आहे, ते त्या मैदानातून घरी काय घेऊन जाईन? कृतज्ञता शिकवा ना, माझी ना नाही, पण एखाद्या वर्षी आईबापाले उभं करा अन् सांगा, आपल्या लेकरानं घरासाठी काय काय केलं ते माईकवर बोला. पाहा किती जणायले आठवते.

सरकारच्याच आकड्यात २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येनं गेले, सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातले. तवा तुम्ही एवढं करा, अशी बातमी छापली की खाली १४४१६ अन् लेकरायच्या मदतीचा १०९८, दोन्ही नंबर ठळक छापा.

यंदा पोळ्याले भावाच्या बैलाचे खांदे पोरानंच चोळले. त्याचा हात थांबला तवा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, बोलता काही आलं नाही, सवय नाही ना. हे पत्र त्याले वाचून दाखवलं, तं म्हणे छापू द्या बाबा, नाव नका टाकू, अन् ते पलंगाखालचं कापू नका म्हणा.

आपला,
एक कास्तकार, जि. यवतमाळ