माकड नाही हो, चिंपांझी!

संपादक महोदय,

स.न.वि.वि. रविवारच्या पुरवणीत जपानच्या आयुमु चिंपांझीवर जी चौकट आली होती, 'माकडानं माणसाला हरवलं' असं हेडिंग असलेली, तिच्याबद्दल लिहितोय. एकतर चिंपांझी माकड नाही, त्याला शेपूटच नसते, निदान फोटो बघून तरी कळायला हवं होतं. पण ते जाऊ द्या. मला जास्त खटकला तो 'हरवलं' हा शब्द.

प्रयोग खरा आहे, 2007 सालचा. क्योतो विद्यापीठाची इनुयामाला प्रायमेट संशोधन संस्था होती, तिथे तेत्सुरो मात्सुझावा आणि साना इनोउए यांनी केलेला. स्क्रीनवर पाच आकडे विखुरलेले दिसतात, मग प्रत्येकावर पांढरा चौकोन येतो आणि कुठे काय होतं ते आठवून लहान आकड्यापासून मोठ्यापर्यंत चौकोनांवर बोट लावायचं. आकडे फक्त 210 मिलिसेकंद दिसले तरी (म्हणजे पापणी लवेपर्यंतच) आयुमु साधारण 80 टक्के वेळा बरोबर, आणि कॉलेजची पोरं 40 च्या आसपास. व्हिडिओ बघितला तर खरंच थक्क व्हायला होतं. पण आयुमु 2004 पासून, म्हणजे चार वर्षांचा असल्यापासून, आकड्यांवर बसलेला होता आणि त्या पोरांना तेवढी प्रॅक्टिस कुठली, पुढे दुसऱ्या संशोधकांनी माणसांकडून भरपूर सराव करून घेतला तर तीही त्याच्या बरोबरीला आली. हे चौकटीत एका ओळीत सांगता आलं असतं.

आणि मुळात मात्सुझावांचं काम म्हणजे काही शर्यत लावणं नाही. आयुमुची आई, तिचं नाव 'आय', तिच्यावरचा प्रोजेक्ट 1978 साली सुरू झाला. तिला लाल पेन्सिली दाखवल्या की ती वस्तू, रंग आणि आकडा अशी तिन्ही बटणं दाबून सांगायची, 'पेन्सिल, लाल, पाच'. क्रम तिला कुणी शिकवलेला नव्हता, तरी आकडा ती शेवटीच ठेवायची. मला तर आयुमुच्या 80 टक्क्यांपेक्षा ही गोष्ट भारी वाटते. आयुमु 2000 साली जन्मला आणि आई कॉम्प्युटरवर काम करत असताना तो तिथेच असायचा, तिच्या अंगावर लोंबकळत, बघत. वर्षाचा व्हायच्या आत त्यानं स्वतःहून स्क्रीनला हात घातला, कुणी बसवून शिकवलं नव्हतं.

हेच जंगलात पण दिसतं. पश्चिम आफ्रिकेत गिनी देशात बोसू म्हणून गाव आहे, तिथले चिंपांझी तेलताडाच्या बिया दगडानं फोडतात, एक दगड ऐरण, दुसरा हातोडी, आणि ऐरण डगमगत असेल तर कधीकधी खाली तिसरा दगड सरकवून ती सपाट करतात! पिल्लं हे साधारण तीन ते पाच वर्षांच्या वयात शिकतात. त्याआधी नुसता गोंधळ, बीवर बी ठेव, दगड नुसताच लोळव, ऐरणीवर काही न ठेवता हात आपट. एक दगड, एक बी आणि दुसरा दगड ही तीन वस्तूंची सांगड डोक्यात बसायलाच वर्षं जातात. आणि ते वय निघून गेलं की मग पुढे जमतच नाही म्हणतात.

आई या सगळ्यात काय करते? काही नाही. हात धरून दाखवत नाही, चुकलं तर ओरडत नाही, शाबासकीही देत नाही. पिल्लू अगदी जवळ जाऊन बघत बसतं, तिनं फोडलेला गर उचलून खातं, आणि ती उचलू देते. मात्सुझावा याला उस्तादाकडे उमेदवारी करण्यासारखं शिक्षण म्हणतात आणि मला ते पटतं. मात्र भाषा आली म्हणून आपली ती झटपट आठवण गेली असावी, ही त्यांची दुसरी कल्पना, ती वाचायला मजा येते पण अजून अंदाजच आहे, तो सिद्ध झाल्यासारखा छापू नका ही विनंती.

तर पुढच्या पुरवणीत जागा असेल तर बोसूबद्दल द्या, अर्धं पान तरी द्या. आणि हेडिंग देणाऱ्या मित्रांना सांगा, माकडाच्या हाती कोलीत वगैरे ठीक आहे पण चिंपांझीच्या हातात दगड असतो, आणि त्याला तो कुठे मारायचा ते नीट माहीत असतं.

आपला,
एक नेहमीचा वाचक