जिन्यातला धूर, लिफ्टमधला मोगरा

पुणे, रविवार

प्रिय दिग्या,

सोसायटीचा सेक्रेटरी झालास, अभिनंदन करू की सांत्वन? जिन्यातल्या सिगारेटी आणि लिफ्टमधलं सुगंधी यंत्र, दोन्हींच्या बंदीचा एकच ठराव सभेत आणायचा म्हणतोस. मेसेजला मेसेजनेच उत्तर देणार होतो, पण या विषयात माझी छाती अडकलेली आहे, अगदी शब्दशः. म्हणून पत्र.

गेल्या श्रावणात आमच्याकडेही ते डबडं लिफ्टच्या छताला चिकटवलं. ठरावीक वेळाने आपोआप फुस्स करतं. म्हणे मोगरा! आजीच्या परसातला मोगरा संध्याकाळी उमलून दुसऱ्या दिवशी कोमेजायचा, हा चोवीस तास तरतरीत. तिसऱ्याच दिवशी मी भाजी घेऊन आत शिरलो, दार लागलं आणि नेमकं तेव्हाच ते फुसकारलं. चौथ्या मजल्यापर्यंत घसा खवखवला, सहाव्यापर्यंत छातीत शिट्टी सुरू. इनहेलर घरी, टीव्हीवर. आठव्या मजल्यावर दार उघडलं तसा मी जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसलो आणि पिशवीतले टोमॅटो टपाटप सातव्यावर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय हो, बीपी लो झालं का?"

बरं, लिफ्ट टाळून जिन्याने जावं तर पाचव्या-सहाव्याच्या मधल्या लँडिंगवर आमच्या धूम्रपानवाल्यांचा कट्टा. खिडकीच्या चौकटीवर थोटकांची रांग, कोणीतरी ठेवलेली थंड पेयाची अर्धी बाटली, तिच्यात तपकिरी पाणी. घरात बायको ओढू देत नाही म्हणून बिचारे तिथे येतात. म्हणजे तिच्या पडद्यांना वास लागू नये म्हणून माझ्या फुप्फुसांना लागायचा.

तुला ती एसटी आठवते ना? पुढे ड्रायव्हरची विडी, मागच्या बाकावर आपण, आणि खिडकी लावा म्हणून ओरडणारा मधला आजोबा. ते बंद होईल असं तेव्हा कोणी म्हणालं असतं तर हसलो असतो. पण आपल्या मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने दवाखाने, शाळा, ग्रंथालयं, कचेऱ्या, बस-रेल्वे इथली सिगारेट थांबवली. मग २००३ चा तंबाखूविरोधी कायदा, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून कडक नियम. दंड दोनशे रुपयांपर्यंत, म्हणजे आज एका पाकिटाच्या आसपास. त्याच नियमांत असंही आहे की मनाई असलेल्या जागी ॲश-ट्रे ठेवायचा नाही. तेव्हा लिफ्टशेजारी वाळूची कुंडी ठेवण्याचा तुझा 'मधला मार्ग' विसर. सोसायटीचा जिना 'सार्वजनिक जागा' ठरतो की नाही यावर वकील खुशाल भांडोत. जिना सगळ्यांच्या मालकीचा आहे, सभेने ठराव केला की पुरे. दुसऱ्याचा धूर कुणालाच चांगला नाही, मला दमा आहे आणि तुला नाही म्हणून त्यात फरक पडत नाही. तिथे चर्चा कसली करायची?

वासाचं तसं नाही. ज्या मोगऱ्याने मी पायरीवर बसलो त्याच मोगऱ्यात काकू रोज खुशीत खाली-वर करतात. त्यामुळे माझं दुखणं लोकांना नखरा वाटतं. डब्यावर घटक वाचायला जावं तर 'सुगंध' एवढाच शब्द, आणि त्या एका शब्दात रसायनांचं अख्खं गोदाम मावतं. लिंबाच्या वासातलं लिमोनीन हवेतल्या ओझोनला भेटलं की फॉर्माल्डिहाइड हा त्रासदायक वायू तयार होतो. कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये दवाखाने-शाळांत अत्तर-परफ्यूम लावून येऊ नका असं नव्वदच्या दशकापासून सांगतात. आपल्याकडे हे सांगायला गेलं की काय होतं ते ऐक.

आमच्या सभेत दोन्ही गोष्टी एकाच ठरावात घातल्या. लिहिणारा शहाणा मीच. "सुगंधी पदार्थ" हे शब्द वाचून होतात न होतात तोच तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा उठले. "म्हणजे उद्या देवापुढे उदबत्तीही लावायची नाही?" झालं. पुढचा पाऊण तास धूप, कापूर, सत्यनारायण आणि संस्कृती. मी चार वेळा म्हणालो, तुमच्या घरातलं नाही हो, लिफ्टमधलं. कोण ऐकतंय! शेवटी अख्खा ठराव बारगळला आणि लँडिंगवरचे तिघं हसत हसत थेट लँडिंगवर गेले.

म्हणून सांगतो, ठराव दोन कर. सिगारेटचा नियम, सरळ दंडासकट. लिफ्टमधलं यंत्र फक्त काढायचं, त्यात 'सुगंध' हा शब्दच आणू नकोस. 'बंद जागेत दम्याच्या रुग्णांना त्रास' एवढं पुरे. घरातली उदबत्ती, कोणाचं अत्तर यांना हात लावू नकोस. तिथे विनंतीच चालते, आणि ती मी करतो. काकू आता गुरुवारी धूप घालताना दार लोटून घेतात.

आणि वॉचमनच्या केबिनला आधी जाळी बसव. बंद खोक्यात तो रात्रभर डासांची कॉइल लावून बसतो. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलचे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. सभेत त्याच्या बाजूने कोणी उठणार नाही.

एक जुनी गोष्ट सांगू? होस्टेलच्या खोलीत तू खिडकीत बसून ओढायचास, मी उशीत तोंड खुपसून झोपल्याचं सोंग घ्यायचो. तीन वर्षं. "बाहेर जा रे" एवढं म्हणता आलं नाही. तू रागावशील म्हणून नव्हे, तू लगेच गेला असतास. पण थंडीत तुला बाहेर काढायला जीभ रेटत नव्हती. सांगायची पाळी खोकणाऱ्यावरच का यावी, हे मला तेव्हापासून पडलेलं कोडं आहे. नियम भिंतीवर लागला की कोणाला कोणाचं तोंड बघावं लागत नाही.

दिवाळीनंतर नाशिकला येतोय. स्टेशनवर घ्यायला आलास तर गाडीच्या डॅशबोर्डवरचा तो निळा सुगंधी जेल आदल्या दिवशीच काढून ठेव आणि काचा उघड्या ठेव. मागच्या वेळी त्र्यंबकपर्यंत मी काही बोललो नव्हतो.

तुझा,
बाळ्या